आधी धागा, मग दोर

माझी नानी एक गोष्ट सांगायची. एका वजिरावर राजाची खप्पा मर्जी झाली आणि राजानं त्याला उंच मनोऱ्याच्या माथ्यावर कोंडून घातलं. मनोऱ्याला ना जिना, ना शिडी. रात्री वजिराची बायको खाली येऊन रडू लागली. वजीर वरून म्हणाला, ‘‘रडू नकोस. उद्या येताना एक भुंगेरा आण. थेंबभर मध आण. रेशमाचा धागा, सुताचा दोरा, सुतळी आणि एक जाड दोर आण.’’ दुसऱ्या रात्री तिनं सांगितल्याप्रमाणं भुंगेऱ्याच्या मिशांना मध लावला, अंगाला रेशमाचा धागा बांधला आणि त्याला वर तोंड करून भिंतीवर सोडलं. मध पुढं कुठंतरी आहे असं समजून तो बिचारा चढत राहिला, चढत राहिला, आणि वजिराच्या हाती लागला. धाग्यानं दोरा वर गेला, दोऱ्यानं सुतळी, सुतळीनं दोर. वजीर उतरून पळाला.

नानीला वजीर सुटल्याचा आनंद असायचा. मला मात्र त्या भुंगेऱ्याचं पुढं काय झालं, ही चिंता असायची. आज इतक्या वर्षांनी कळतंय की गोष्टीचा खरा नायक तोच होता. दोर माणसाचं वजन पेलतो, पण दोर स्वतः वर जाऊ शकत नाही. वर जातो तो धागा.

आज मला बोलायचं आहे ते झाडांविषयी. शंभर-दोनशे फूट उंच, आणि पहिली फांदीच साठ-सत्तर फुटांवर, अशा झाडाच्या माथ्यावर माणूस कसा पोचला त्याची ही हकिकत. ऐकायला विषय किरकोळ वाटेल. पण त्यातून एक मोठी गोष्ट घडली. झाड न पाडता त्याला ओळखण्याची सोय झाली.

आधी गावाकडचं सांगतो. आमच्या गावी विहिरीकाठी एक जुनी चिंच होती. पंचमीला तिच्या आडव्या फांदीला झोका बांधायचा हा रिवाज. आमची आपा आणि शेजारपाजारच्या माहेरवाशिणी सगळ्याच त्याच्यावर झुलायच्या. फांदी बरीच वर. तिथवर मोटेचा नाडा न्यायचा कसा? तर मुठीत मावेल असा दगड घ्यायचा, त्याला सुतळी बांधायची आणि फांदीवरून पलीकडं भिरकावायचा. हे काम एका वर्षी माझ्याकडं आलं. पहिला दगड फांदीपर्यंत गेलाच नाही. दुसरा गेला, पण सुतळी बारक्या डहाळ्यांत अडकून बसली. तिसरा फांदीला आपटून सरळ माझ्या कपाळावर आला. उजव्या भुवईवरची खूण अजून आहे. शेवटी मोटेवरच्या एका म्हाताऱ्या काकांनी मला बाजूला केलं. त्यांनी सुतळी आधी जमिनीवर मोकळी, वेटोळ्यांनी पसरली, दगड दोन्ही पायांमधून झुलवला आणि एका हिसक्यात पलीकडं टाकला. मग सुतळीला दोरी, दोरीला नाडा. नाडा बसल्यावर ते बायकांना झुलू देईनात. आधी दोन दांडगे गडी त्याला लोंबकळले, हिसके देऊन पाहिले, आणि मगच काका बाजूला झाले. हे दोन गडी ध्यानात ठेवा. त्यांची गाठ पुढं पुन्हा पडणार आहे.

आपल्या भाषेत या वस्तूला केवढी नावं! धागा, दोरा, सुतळी, दोरी, दावं, कासरा, नाडा, सोल, चऱ्हाट, दोरखंड. ज्या शेतकऱ्यानं ही नावं ठेवली त्याला कशानं काय ओढायचं याचा नेमका हिशेब ठाऊक होता. असो.

युरोपातले निसर्गअभ्यासक उष्ण कटिबंधातल्या जंगलांत शिरले तेव्हा त्यांच्यापुढं हाच प्रश्न होता. फुलं वर, फळं वर, पाखरं वर, माकडं वर. आणि शास्त्रज्ञ खाली, अंधाऱ्या ओलसर जमिनीवर, मान दुखेपर्यंत वर बघत उभा. झाडाची ओळख पटवायची तर फूल हातात हवं. मग काय करायचं? सरळ उपाय, कुऱ्हाड. रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९ साली ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला. फुलांसाठी शतकांचं झाड तोडायचं हे सुरुवातीला त्याला रानटीपणाचं वाटलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. पुढं जंगल अफाट आहे, एका झाडाचं काय एवढं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मन अस्वस्थ झालं होतं हे त्यानं कबूल तरी केलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

दुसरा उपाय बंदूक. डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश माळी १८२६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या रानात एका प्रचंड पाइनच्या झाडाखाली उभा होता. शेंड्याला हातभर लांबीची शंकूफळं लोंबत होती. चढणं अशक्य. त्यानं गोळ्या घालून तीन फळं पाडली. पण आवाजानं आठ हत्यारबंद आदिवासी येऊन उभे राहिले. तंबाखूचं आमिष दाखवून, त्यांना आणखी फळं आणायला पाठवून, हा गडी ती तीन फळं घेऊन पसार झाला.

कुऱ्हाडीनं आणि बंदुकीनं फूल मिळतं, फळ मिळतं. पण त्या फुलावर पहाटे कोण येतं, रात्री कोण येतं, ते कळत नाही. पाडलेल्या झाडावरचा संसार पडता पडताच उधळून जातो. म्हणून झाडाच्या शेंड्यावर काय चालतं हे शास्त्राला कितीतरी काळ ठाऊकच नव्हतं.

ज्यांना ठाऊक होतं ते लोक तिथंच राहत होते. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५५ च्या सुमारास बोर्निओत सारावाकला होता. तिथले दायाक लोक मधाची पोळी काढायला ज्या झाडांवर चढत त्यांची खोडं थेट आभाळात गेलेली, गुळगुळीत, बिनफांदीची. दायाक माणूस बांबूच्या चपट्या खुंट्या करायचा, पहिली खुंटी खोडात ठोकायचा, बाहेरून एक लांब बांबू उभा करून त्याला खुंटीचं टोक सालीच्या दोरीनं बांधायचा. मग तिच्यावर उभं राहून डोक्याच्या उंचीवर पुढची खुंटी. एक बांबू संपला की त्याला दुसरा जोडायचा. अशी एका बाजूनं झाडाचीच शिडी तयार व्हायची. वॉलेसनं हे सगळं बारकाईनं, कौतुकानं लिहिलं. चढणाऱ्या माणसाचं नाव मात्र त्या वर्णनात नाही. त्या काळी साहेबाच्या पुस्तकात अशा माणसांना बहुधा नाव नसायचं.

तिसरा एक उपाय मला फार आवडतो. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानात ई. जे. एच. कॉर्नर नावाचे अधिकारी होते. मलायात नारळ उतरवायला आखूड शेपटीची माकडं शिकवून तयार करतात, मलय भाषेत त्यांना ‘बेरोक’ म्हणतात. कॉर्नर साहेबांनी १९३७ पासून अशी माकडं झाडांचे नमुने गोळा करायला लावली. माकडाच्या गळ्यात लांबलचक दोरी, दुसरं टोक खाली माणसाच्या हातात. वरून फांदी तोडून टाक, ही नको ती टाक, अशा मलय शब्दांतल्या आज्ञा त्याला कळत. उद्यानाच्या नोकरीतले हे वनस्पतिशास्त्री! माणूस जिथं पोचत नाही तिथं एखाद्या हलक्या जिवाच्या अंगाला दोरी बांधून पाठवायचं, ही कल्पना आपल्याकडं कुणाला नवी नाही. सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन गेलेली यशवंती घोरपड पोवाड्यातून घरोघर पोचलीय. इतिहासकार ती मानत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असणार. पण ज्या शाहिराला ती सुचली त्याला दोर वर कसा जातो हा प्रश्न पडला होता, एवढं खरं. नानीचा भुंगेरा, शाहिराची घोरपड आणि कॉर्नर साहेबांचं माकड, तिघांची जात एकच.

आता जरा समुद्राकडं वळावं लागेल, कारण पुढचं हत्यार तिथून आलं. १८०७ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एक जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर फुटलं आणि माणसं लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. ते बघणाऱ्यांत कॅप्टन जॉर्ज मॅनबी होता. जहाजापर्यंत एक दोरी पोचली असती तर ती माणसं वाचली असती, हे त्याच्या मनातून जाईना. त्यानं उखळी तोफेच्या गोळ्याला दोरी बांधून ती फेकायची युक्ती काढली, आणि फेब्रुवारी १८०८ मध्ये तिनं एका जहाजावरचे खलाशी वाचवले. पुढं तोफेच्या जागी अग्निबाण आले. या अग्निबाणांचं मूळ शोधत गेलं तर ते हैदर आणि टिपूच्या म्हैसुरी बाणांपाशी पोचतं. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर ते बाण इंग्लंडला गेले आणि काँग्रीव्हनं त्यांच्यावरून आपले अग्निबाण केले. माणसं मारायला निघालेली वस्तू माणसं वाचवायच्या कामी आली. असं नेहमी होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. १९२८ साली तर ब्रिटननं कायदाच केला की मोठ्या जहाजांवर दोरी फेकण्याचं साधन असलंच पाहिजे.

आणि १९२९ साली दोरी फेकणारी बंदूक जंगलात आली. ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात, म्हणजे आजच्या गयाना देशात गेली. प्रमुख होते मेजर हिंगस्टन. हे गृहस्थ आपल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. मॅलरी आणि अर्व्हिन परत आले नाहीत त्या १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक म्हणून ते होते. हिमालयावरून उतरलेल्या माणसाला झाडावर चढावंसं वाटावं यात मला गंमत वाटते. जंगलाचा माथा हा उद्देश ठेवून निघालेली ही पहिल्या मोहिमांपैकी एक. दोरी फेकायची बंदूक, पायाला बांधायचे काटेरी लोखंडी आकडे, कप्प्या, दोर, बसायच्या खुर्च्या असा सगळा सरंजाम होता. एकदा दोर वर गेला की कप्पीनं खुर्ची ओढायची, वर मचाण बांधायचं, आणि फळांची आमिषं नि सापळे थेट शेंड्याशी टांगायचे. खाली जे कधी दिसलं नव्हतं ते वर सापळ्यात येऊ लागलं.

यानंतर मात्र बराच काळ काही झालं नाही. कुणी शिड्या लावल्या, कुणी लोखंडी मनोरे उभारले, कुणी झाडाझाडांतून झुलते पूल बांधले. पण मनोरा एकाच जागी उभा राहतो, आणि त्याला पैसा लागतो. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला आज या झाडावर, उद्या त्या झाडावर जायचं तर त्याच्याजवळ काय होतं? काथ्याचा किंवा अंबाडीसारख्या वाखाचा दोर. जड, ओला झाला की फुगणारा, आतून कुजला तरी वरून न कळणारा. १९३८ साली नायलॉन जाहीर झालं आणि ही अडचण हळूहळू सुटली. त्याच नायलॉनची मासे धरायची तंगूस निघाली. केसासारखी बारीक, पण भली मोठी मासळी ओढणारी. वजिराच्या बायकोनं रेशीम आणलं होतं. तिच्या जागी आता तंगूस आली.

दोर वर गेला, तरी त्याच्यावरून चढायचं कसं? दोनशे फूट नुसत्या हातांनी कुणी चढत नाही. इथं एक गाठ मदतीला आली. आपण निरगाठ आणि सुरगाठ अशा दोन गाठी मानतो. एक सुटत नाही, दुसरी ओढली की सुटते. पण तिसरी एक गाठ आहे, दोन्हींच्या मधली. जाड दोरावर बारीक दोरीचे दोन-तीन वेढे असे घ्यायचे की तिच्यावर वजन आलं की ती दोराला घट्ट आवळते, आणि वजन काढलं की बोटानं वर सरकवता येते. ऑस्ट्रियातले गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती प्रसिद्ध केली, म्हणून ती प्रुसिक गाठ. प्रुसिक संगीताचे शिक्षक होते, आणि पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना त्यांना ही गाठ सापडली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण मला ते खरं वाटावंसं वाटतं. अशा दोन गाठी घ्यायच्या, एक कमरेशी, एक पायाशी. पायावर उभं राहून कमरेची सरकवायची, कमरेवर बसून पायाची सरकवायची. सुरवंट चालतो तसं.

१९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये या गाठीचं काम करणारा धातूचा चिमटा निघाला. आडोल्फ युझी हे गरुडांचा अभ्यास करायचे, घरट्यांसाठी त्यांना कड्यांवर दोरानं लोंबकळावं लागायचं. त्यांनी आणि वॉल्टर मार्टी यांनी मिळून हा चिमटा बनवला. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून त्याचं नाव पडलं ‘जुमार’. गुहा शोधणाऱ्यांनी आणि गिर्यारोहकांनी तो उचलला. त्यांच्याकडून तो झाडांवर यायला दीड-दोन दशकं लागली.

१९७४ च्या सुमाराची गोष्ट. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात डोनाल्ड पेरी नावाचा अमेरिकन विद्यार्थी जंगलात आला. त्याच्याजवळ क्रॉसबो होतं, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य. बाणाला त्यानं तंगूस बांधली आणि बाण उंच फांदीवरून पलीकडं मारला. तंगुशीला नायलॉनची बारीक दोरी, तिला बोटभर जाड दोर. दोराचं एक टोक खाली खोडाला बांधलं, दुसऱ्यावर जुमार लावले आणि तो वर गेला. १९७८ साली त्यानं ही पद्धत एका शास्त्रीय नियतकालिकात छापली. पाहायला गेलं तर त्यात नवं काय? बाण जुना, मासे धरायची तंगूस कोळ्यांची, जुमार गरुडवाल्यांचा. पण या सगळ्या गोष्टी एका पिशवीत मावल्या, हे नवं होतं. विद्यापीठातल्या कुणाही पोराला परवडेल असा जंगलाच्या माथ्याचा रस्ता खुला झाला.

त्याच सुमाराला मेग लोमन ही अमेरिकन मुलगी ऑस्ट्रेलियात सिडनीला संशोधनाला गेली. तिला पानांचा अभ्यास करायचा होता, आणि पानं वर होती. १९७९ साली गुहा शोधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाकडून ती दोरावर चढायला शिकली. कमरेचा पट्टा तिनं मोटारीच्या सीटच्या पट्ट्यांतून स्वतः शिवला आणि दोर वर न्यायला घरगुती बेचकी केली. हो, बेचकीच! पोरं कैऱ्या पाडतात तीच. वर गेल्यावर तिनं पानांवर शाईनं आकडे घातले आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा जाऊन तीच पानं पाहिली. तोवरचे अभ्यासक खाली हाताला येणारी पानं तोडून किड्यांनी किती खाल्लं ते मोजत. पण जे पान किड्यांनी पुरतंच खाऊन टाकलं ते त्यांच्या मोजणीत कसं येणार? वर जाऊन पाहिल्यावर कळलं की किडे आपण समजत होतो त्याच्या कितीतरी पट अधिक खातात. आणि सावलीतली काही पानं बारा-बारा वर्षं फांदीवर जगतात. दरवर्षी पानगळ पाहणाऱ्या युरोपियनांना हे नवलाचं होतं.

तिसरं नाव आपल्या जवळचं. नलिनी नाडकर्णी. वडील ठाण्याचे, औषधशास्त्रज्ञ होऊन अमेरिकेत गेलेले. आई ब्रुकलिनची, ज्यू. घरासमोर मेपलची झाडं होती आणि शाळेतून आलं की ही मुलगी एखाद्या झाडावर जाऊन बसायची. पुढं झाडाच्या माथ्याचाच अभ्यास करायचं तिनं ठरवलं, तेव्हा विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांनी हे टारझनचे खेळ म्हणून उडवून लावलं. तिनं ऐकलं नाही. अमेरिकेच्या वायव्य टोकाला ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या पावसाळी जंगलात जुन्या मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या जाड गाद्या साचलेल्या असतात. वर बसून नलिनीताईंनी शेवाळाचा एक थर उचकटला तर खाली मुळं! कुणाची म्हणून मागोवा घेतला तर ती त्याच मेपलची निघाली. म्हणजे झाड जमिनीत तर मुळं सोडतंच, शिवाय स्वतःच्या फांद्यांवर साचलेल्या मातीतही सोडतं आणि तिथलं सत्त्व शोषून घेतं. १९८१ साली हा शोध ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात छापला गेला. कुऱ्हाडवाल्यांनी असली किती झाडं पाडली असतील! पण पडलेल्या झाडावरचं शेवाळ कुणी उचकटून पाहिलं नव्हतं. नलिनीताईंचं दोर वर न्यायचं साधन म्हणजे एका काठीवर बसवलेली दणकट बेचकी आणि तिला जोडलेलं गळाचं रीळ.

आता जरा प्रत्यक्ष कामाचं सांगतो, कारण बाहेरून सोपं दिसणारं हे काम भलतंच चिवट आहे. हातानं फेकायची तर शिशाचे छरे भरलेली पावशेराची निमुळती थैली असते, तिला गुळगुळीत, न पिळवटणारी बारीक दोरी. चांगला फेकणारा पन्नास-साठ फुटांवर नेम साधतो. त्याच्यावर जायचं तर माणसाहून उंच दांड्यावर बसवलेली मोठी बेचकी, ती शंभर फुटांपर्यंत पोचते. त्याहून वर धनुष्य. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड झाडांची पहिली भरवशाची फांदी कधी कधी दोनशे फुटांच्या वर असते. तिथं स्टीफन सिलेट आणि त्यांचे सोबती धनुष्यबाणानंच तंगूस वर नेतात. २००६ साली सापडलेलं ‘हायपेरियन’ हे जगातलं ज्ञात असलेलं सर्वांत उंच झाड सिलेट यांनी शेंड्यावरून फीत सोडून मोजलं, तेव्हा ते ११५.५५ मीटर भरलं.

नेम लागला म्हणजे झालं असं नाही. धागा हव्या त्या फांदीवरून जातोच, शिवाय नको त्या चार डहाळ्यांवरूनही जातो. मग तो हळूहळू मागं ओढून, झुलवून, एकेक डहाळी सोडवत खोडाजवळच्या जाड फांदीपाशी आणावा लागतो. कधी थैली बेचक्यात अडकते आणि अर्धा दिवस जातो. ओढताना गाठ डहाळीत रुतू नये म्हणून धागा आणि दोर यांचा जोड फडकं गुंडाळल्यासारखा निमुळता करावा लागतो. आणि खालून फांदी जिवंत दिसते, पण वर शेवाळाखाली ती पोखरलेली असू शकते. म्हणून वर जायच्या आधी दोघं-तिघं त्या दोराला लोंबकळतात, हिसके देतात. चिंचेखालचे ते दोन गडी आठवले ना? तेच हे.

या रस्त्यानं जे हाती आलं त्याची गणती करत बसत नाही. एकच सांगतो. टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या एकोणीस झाडांच्या माथ्यावर दोरानं फवारणीयंत्र चढवून कीटकनाशकाचा धूर सोडला. खाली पसरलेल्या कापडांवर नुसत्या भुंगेऱ्यांच्या बाराशेच्या आसपास जाती पडल्या. त्यावरून १९८२ साली त्यांनी गणित मांडलं की उष्ण कटिबंधात कीटकादी जीवांच्या तीन कोटी जाती असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा पुष्कळ खाली आणला. पण आपण पृथ्वीवर कुणाकुणाबरोबर राहतो हेच आपल्याला ठाऊक नाही, हे त्या धुरानं दाखवलं. नानीचा भुंगेरा पुन्हा आलाच की!

आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडन्तुरै जंगलात टी. गणेश आणि सौभद्रा देवी यांनी दोरावर चढून झाडांच्या फुलांवर कोण येतं याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तिथल्या कुलेनिया नावाच्या झाडाच्या फुलांवर माकडं, वटवाघळं असे सस्तन प्राणी येतात आणि खाता खाता परागही वाहून नेतात, हे त्यांनी नोंदवलं. २००९ साली जंगलाच्या माथ्याचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद बंगळूरला भरली.

पण दोर हा शेवटी दोर असतो. जुलै २०१५ मध्ये नलिनी नाडकर्णी त्याच ऑलिंपिक द्वीपकल्पात झाडावर असताना दोरानं दगा दिला आणि त्या पन्नास फुटांवरून जमिनीवर आदळल्या. बरगड्या, कंबर, पाठीचे मणके मोडले, प्लीहा फुटली. वय साठीच्या घरात. हजारो वेळा वर गेलेलं माणूस. त्या वाचल्या, बऱ्या झाल्या आणि पुन्हा झाडावर चढल्या. पडलेल्या झाडाच्या जागी जंगल काय करतं, मोडलेल्या फांदीच्या जागी काय उगवतं, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. आता तो स्वतःच्या हाडांपर्यंत येऊन पोचला.

जानेवारी २०१९ मध्ये बोर्निओत सबाहच्या जंगलात एका पिवळ्या मेरांती झाडाची उंची मोजायची होती. विमानातून लेझर किरण सोडून अंदाज झाला होता, पण शेंड्यावरून फीत सोडल्याशिवाय खात्री कशी? वर गेले ते तिथलेच, उंडिंग जामी नावाचे गृहस्थ. फीत खाली आली, आकडा निघाला १००.८ मीटर. तोवर उष्ण कटिबंधात शंभर मीटरचं झाड नोंदवलेलं नव्हतं. झाडाला ‘मेनारा’ म्हणजे मिनार असं नाव दिलं. वॉलेसच्या पुस्तकात बोर्निओच्या ज्या चढणाऱ्याला नाव मिळालं नव्हतं, त्याच बेटावरच्या या चढणाऱ्याचं नाव झाडाच्या आकड्याबरोबर जगभर छापून आलं. दीडशेहून अधिक वर्षांत काहीतरी बदललं म्हणायचं.

आता काही ठिकाणी ड्रोनला धागा बांधून फांदीपलीकडं नेतात. बाकी सगळं तसंच. धाग्यामागून दोरी, दोरीमागून दोर.

काम संपलं की हे लोक दोर काढून घेतात. उन्हानं तो विटतो, खारी, उंदीर कुरतडतात, आणि तो महागही असतो. पण धागा काढत नाहीत. दोर उतरवताना त्याच्या टोकाला पुन्हा बारीक दोरी बांधतात, ती फांदीवरून ओढून घेतात आणि दोन्ही टोकं बुंध्याशी, शेवाळात दडवून, बांधून ठेवतात. वर्षा-दोन वर्षांनी कुणी परत आलं की नेम धरत बसायला नको. त्या जंगलातून जाणाऱ्याला काही दिसत नाही. बुंध्याशी वाकून पाहिलं तर एक मळकी दोरी वर गेलेली असते, आणि ती कुठपर्यंत गेलीय ते खालून कळत नाही.